वाऱ्याकडची बाजू

३ डिसेंबर

आज पुन्हा त्यालाच खुर्ची! मी बर्फाच्या भोकातून बादल्या उपसायच्या, बोटं बधिर करून घ्यायची, आणि लाडोबानं उबेत बसून यंत्राचा पडदा बघायचा. दक्षिण ध्रुवाकडच्या या ठाण्यावर आलो दोघं एकाच बोटीनं, एकाच कामाला — मदतनीस. पण संशोधक बाईंना दिसला तो. त्याला "अहो, बसा". मला "ए, पाणी आणलंस का?"

शाळा पुरी केलीय म्हणे त्यानं. माझी मधेच सुटली. एवढाच काय तो फरक.

५ डिसेंबर

बाई त्याला समजावत होत्या. मी पाणी गाळत होतो, कान तिकडे. बर्फ वितळला की समुद्रात बारीक शेवाळ माजतं. त्यातून गंधकाचा वायू सुटतो. हवेत त्याचे कण बनतात, कणांवर पाणी धरतं — आणि ढग! छपरावरची नळी हवा ओढते, खालचं यंत्र कण मोजतं. कण एकदम वाढले की समजायचं, ढग जन्मतानाच सापडले. त्यासाठी बाई दुसऱ्यांदा इथं येऊन बसल्यात.

"म्हणजे समुद्राच्या वासाचेच ढग होतात," मी मधेच बोललो. खोटं काय त्यात? गाळून झालं की उकडलेल्या कोबीसारखा वास माझ्याच हातांना येतो!

"बादली सांडतेय तुझी," बाई म्हणाल्या.

लाडोबा हसला नाही. उलट म्हणाला, "बरोबर बोलला तो, बाई." मोठा आला माझी वकिली करणारा!

६ डिसेंबर

त्यानं आपले जाड हातमोजे मला दिले. "मला आत लागत नाहीत रे." मुद्दाम टोचतो. घातले. ऊबदार आहेत. डोकं आणखी तापलं.

९ डिसेंबर

त्याला मुलगी झाली. रजा मागितली तर ठाणेप्रमुख म्हणाले, "मोसम संपेपर्यंत कुणी हलायचं नाही." सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, बाईंनी चॉकलेट दिलं. माझ्या आईचा फोन येतो तेव्हा एकच — "जेवलास का?" सांगण्यासारखं माझ्याकडं आहे तरी काय!

१२ डिसेंबर

केलं एकदाचं!

छपरावर, वाऱ्याकडच्या बाजूला जायला सक्त मनाई. पहिल्याच दिवशी बजावलं होतं — तिथं धूर केलात तर पुढच्या बोटीनं घरी. जेवणानंतर गेलो आणि नळीच्या तोंडाशी बसून अख्खी सिगारेट ओढली. म्हटलं, नासू देत आकडे, खाऊ दे लाडोबाला बोलणी.

खाली आलो तर आत जल्लोष! कण एकदम वाढले म्हणून बाई टाळ्या वाजवतायत — "अहो, सापडलं तुम्हाला!" धूर माझा आणि हार त्याच्या गळ्यात!

मी जवळून गेलो तसं त्यानं वळून बघितलं. अंगाला वास येत असणार. मग परत पडद्याकडं वळला.

१३ डिसेंबर

काजळी मोजणारं वेगळं यंत्र असतं, मला काय माहीत! त्यातही त्याच वेळी रेघ चढलेली. समुद्रातून काजळी येत नाही, म्हणजे धूर कुणीतरी केलेला. बाईंचा चेहरा एवढासा झाला.

ठाणेप्रमुखांनी सगळ्यांना जेवणघरात उभं केलं. "छपरावर सिगारेट कुणी ओढली?"

मी आचाऱ्याच्या मागं सरकलो. घरी गेलो तर थोरला भाऊ काय म्हणेल ते पाठ आहे — "हेही जमलं नाही?"

"मी ओढली," लाडोबा म्हणाला.

बाईंनी चटकन मान वर केली. मग खाली घातली.

१५ डिसेंबर

गेला! आणि इथंही तोच जिंकला! लेकीला बघायला चालला, तेही माझ्या सिगारेटच्या जोरावर. आचारी म्हणतो, त्याला आता कुठल्याच ठाण्यावर घेणार नाहीत. न घेऊ देत! आज तरी तो घरी आणि मी बादल्यांत.

बोटीवर चढताना म्हणाला, "हातमोजे ठेव. काम सोडू नको." शेवटपर्यंत शहाणपणा!

१८ डिसेंबर

बाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, "सिगारेट ओढली गेली तेव्हा ते माझ्याच शेजारी बसले होते. गप्प राहायची शपथ घातली त्यांनी मला." मग त्याची खुर्ची माझ्याकडं सरकवली. "अहो, बसा."

बसवेना.