हितनं कोरेगाव दिसतंय व्हय?

अण्णा, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि तो ऐकून घ्यायला तुमच्याइतका योग्य माणूस उरलेला नाही. आमच्या फ्रिजमधला दिवा गेला. परवा दही समजून इडलीचं पीठ भातावर घेतलं आणि निम्मं जेवण होईपर्यंत बायकोच्या विरजणाला नावं ठेवली. कंपनीला फोन लावला तर आधी सनई वाजते, मग माझा फोन त्यांना किती मोलाचा आहे ते एक बाई सांगतात, मग पुन्हा सनई. शेवटी एक माणूस फोनवर आला आणि म्हणाला, "बघतो, सर." त्या शब्दाने तुम्ही आठवलात.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सांगलीत तुमचा घरघंट्यांचा कारखाना आणि ऑफिसात फोनपाशी मी. कोरेगावहून एका बाईंचा सारखा फोन यायचा, तुमच्या घंटीच्या पिठाची भाकरी तुटते म्हणून. नवरा फौजेत. बायकोला गिरणीत डबा वाहायला लागू नये म्हणून सुट्टीत त्याने घंटी घेऊन दिली होती. सासूबाईंचं म्हणणं, खोकं परत पाठव आणि तू आपली डबा घेऊन गिरणीत जा. मी विचारायचो, मोटार चालते ना? चालते म्हणाल्या की मी अत्यंत अदबीने म्हणायचो, "बघतो, वहिनी." आपल्याकडे या शब्दात बघणं सोडून बाकी सगळं येतं. एके दिवशी मी असं म्हणालो तेव्हा तुम्ही माझ्या मागे उभे होतात.

"काय बघतोस रं? हितनं कोरेगाव दिसतंय व्हय?"

लगेच जीप निघाली. पुढे तुम्ही, मागे मी आणि टेस्टिंगचे इंजिनियर. आपली घंटी सगळ्यांपेक्षा झटपट दळते, असं त्यांनी कराडच्या पुढे एकदा सांगून पाहिलं. तुम्ही बाहेरचा ऊस बघत राहिलात. कोरेगावात मशीनकडे न जाता तुम्ही स्वयंपाकघरात पाट मागितलात आणि भाकरी करायला सांगितलीत. बाईंनी थापली, पण तव्यावर पडेपर्यंत तिचे तुकडे झाले. दाराशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आवं, ही भाकरी न्हाई, वाटणीपत्र हाय."

तुम्ही ते तुकडे पिठल्याशी खाल्लेत आणि मग घंटी उघडलीत. दळण लवकर उरकावं म्हणून आम्ही सरसकट भरड जाळी बसवून पाठवत होतो. कागदावर मिनिटं सुरेख दिसायची.

"मिनिटं कोण खातं रं?" इंजिनियरांना एवढंच विचारलंत आणि पेटीतली बारीक जाळी स्वतः बसवलीत. नव्या पिठाची भाकरी टम्म फुगली. सासूबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि सुनेला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे खोकं." त्या घरात यालाच कौतुक म्हणत असावेत.

पुढच्या शनिवारी कारखान्यात शेगडी आली. ज्या घंटीच्या पिठाची भाकरी फुगेल तीच बाहेर जाणार, आणि भाकरी आम्हीच थापायची, मालकापासून शिपायापर्यंत. पहिली तुमची. कर्नाटकाच्या नकाशासारखी झाली होती, बेळगावापाशी फाटलेली. सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि मग पिठात हात घालायला कुणी लाजलं नाही. फोनवरचा "बघतो" कधी गेला ते कळलंही नाही; आम्ही "येतो" म्हणायला लागलो.

पुढे मी पुण्याला मोठ्या कंपनीत गेलो. ग्राहकाला राजा मानायची शिबिरं तिथे बड्या हॉटेलात भरायची; राजाला तेवढं कधी आमंत्रण नसायचं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी अशाच एका शिबिरात पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होतो.

हल्ली साताऱ्यात सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. जिन्यातला दिवा गेलाय, संध्याकाळी देवळात जायला उतरायची भीती वाटते, असं त्या आठवडाभर सांगताहेत. काल मी त्यांना अत्यंत अदबीने म्हणालो, "बघतो, आजी."

पत्र इथेच टेबलावर राहू दे. बल्ब खिशात घातलाय, स्टूल काढलंय. इथून तिसरा मजला दिसत नाही, अण्णा.