उलट्या गिअरची मोटार

बदलापूर,
एप्रिल १९५६

प्रिय बाळ,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर राहून गेलं. रोज सकाळी ठरवायचे की आज लिहायचं, आणि नानांचं आंघोळपाणी, कपडे, पेज, औषध, मालिश होईपर्यंत ठरवलेलंच विसरून जायचे. आता ते झोपलेत. विठा घरकाम आटोपून त्यांच्या उशाशी पंखा हलवत बसली आहे, म्हणून मी ओसरीवर येऊन लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. उजवा खांदा दुखतो हल्ली, नानांना कुशीवर वळवून वळवून.

तू मोटारीबद्दल लिहिलं होतंस: भंगारवाल्याला घाईने देऊन टाकू नकोस, आधी ती नेमकी कुठली, कोणत्या सालची, ते जाणकाराकडून ठरवून घे. रंग दे, गाद्या नव्या कर, टपाचं कापड बदल आणि मग वीक. कानपूरच्या तुझ्या ऑफिसातल्या कुणी साहेबाने तुला सांगितलं, की संस्थानिकांच्या जुन्या उघड्या मोटारींना हौशी लोक म्हणाल ती किंमत देतात. तुझं म्हणणं मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, नाही म्हणायला बळ नव्हतं. तेव्हा झालं ते सगळं सांगते.

युद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हापासून ती शेडमध्येच उभी होती, हे तुला आठवत असेल. चाकं विटांवर चढवलेली, टप मागे दुमडलेला, वर गोणपाटं. लकवा होईपर्यंत नाना अधूनमधून जाऊन तिचं हँडल फिरवायचे, इंजिन अडकू नये म्हणून. त्यानंतर तिकडे फिरकलं फक्त मांजर. मागच्या गादीत ते तीनदा व्यालं. गोणपाटं काढली तेव्हा हिरवा रंग अजून होता, पण पोपडे धरलेला, आणि टपाला हात लावला तर कापड पापडासारखं तुटलं.

आधी आले ते उल्हासनगरचे लीलाराम. कॅम्पात त्यांची जुन्या लोखंडाची वखार आहे आणि आता पिठाची गिरणी काढायची आहे म्हणतात. बोलायला सज्जन वाटले. मोटारीभोवती एक फेरी मारली, हँडल फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "बेनजी, सच बोलूँ? बाडी का वजन का भाव मिलेगा. इंजन जिंदा है, वो मेरी चक्की चलाएगा." मी म्हटलं, ही राजाची गाडी आहे, विलायती डेमलर आहे. त्यांनी मान हलवली. "होगी. चक्की को क्या मालूम?" मला हसू आलं. किती दिवसांनी आलं असेल कोण जाणे. पण तुझं पत्र डोक्यात होतं, म्हणून त्यांना थांबायला सांगितलं.

मग हरिचंद्र पाठारे आले. हे अंबरनाथच्या कारखान्यात यंत्रविभागाचे अधिकारी आहेत. गावच्या शाळेतल्या मालिनीबाईंचे मावसभाऊ. जुन्या मोटारींचं त्यांना वेड आहे. त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती तुझ्या सांगण्याच्या उलट. "रंग देऊ नका, पुसूसुद्धा नका. गाडी आहे तशी असली तरच ती कोण ते सांगते. रंग दिलात की तिचं तोंड बंद." म्हणून मी फडकंही लावलं नाही. ते एका रविवारी आले आणि पुन्हा पुढच्या रविवारी आले. शर्टाच्या बाह्या दुमडून गाडीखाली निजायचे, आणि मी मध्येच नानांच्या खोलीत, मध्येच शेडच्या दारात.

राजाची गोष्ट तुला तोंडपाठ आहे. आपण दोघांनी ती किती जणांना सांगितली असेल! कुठल्याशा लहान संस्थानची राणी अडली होती, मुंबईचे मोठे डॉक्टर हात टेकून बसले होते, आणि नानांनी तिला सोडवली. राजाने खूश होऊन आपली डेमलर बक्षीस दिली. नाना चामटोलीला व्हिजिटला निघाले की टप पाडून निघायचे. वाटेवरची माणसं बाजूला होऊन हात जोडायची. तू पुढे बसायचास. मी आणि आई मागे, डोक्यावरचा पदर दाताखाली धरून. कुणी गिअरला हात लावला तर नाना म्हणायचे, "राजेशाही गिअर आहेत, सगळे उलटे. इतरांना जमायचे नाहीत."

पाठाऱ्यांनी तोच गिअर हातात धरला आणि चारही जागी फिरवून पाहिला. मग रेडिएटरकडे गेले. म्हणाले, "डेमलरच्या रेडिएटरच्या माथ्यावर खाचा असतात, कपड्याच्या चुणीसारख्या. ह्याचा माथा सपाट आहे. आणि इथला बिल्ला कुणीतरी पेचकसाने उचकटलाय, ओरखडे बघा. उलटे गिअर, लाकडी आऱ्यांची चाकं, चार सिलिंडरचं इंजिन. ही डॉज आहे, बाई. अमेरिकन. चोवीस-पंचवीस सालची." तळाच्या पट्टीवरची माती ओल्या बोटाने काढून त्यांनी आकडे टिपून घेतले. नंतर मुंबईहून कुणा ओळखीच्याकडून खात्री करून आले. डॉजच.

मी विचारलं, राजाकडे डॉज असू शकेल की नाही? ते म्हणाले, असेल की. पण मग त्यांनी मला डाव्या बाजूला बोलावलं आणि काचेच्या चौकटीपाशी बोट ठेवलं. तिथे स्क्रूची चार भोकं होती, लांबीचा लगदा भरून वर हिरवा रंग मारलेली. रंगाचा पोपडा उडाला म्हणून दिसली. नवा रंग दिला असता तर कधीच दिसली नसती. पाठारे रुमालाने हात पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इथे मीटर होता. ही मुंबईत टॅक्सी म्हणून फिरलेली आहे."

बाळ, मला राग आला नाही. मी तिथेच, मांजराच्या त्या गादीवर, बसले फक्त.

जाताना पाठारे नानांना भेटायला आत आले. नानांनी अर्ध्या तोंडाने विचारलं, काय निघालं? ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडी फार जपून ठेवलीत." चांगला माणूस. ते फाटकाबाहेर पडल्यावर नानांनी मला जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं आता माझ्याशिवाय कुणाला धड कळत नाही. ते म्हणाले, "भोकं दिसली?"

मी म्हटलं, दिसली.

मग त्यांनी सांगितलं. तुटक तुटक, मधेच थांबून, लाळ पुसून घेत. गिरगावातला एक टॅक्सीवाला धंदा सोडून गावी चालला होता, त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. बिल्ला त्यांनीच काढला, आईदेखत. नव्या डॉक्टरला इथे कोण विचारत होतं? दुसरे डॉक्टर कल्याणहून घोड्याच्या बग्गीतून यायचे, आणि टॅक्सीतून येणाऱ्याला कुणी घरात घेतलं नसतं. कुणीतरी विचारलं, मोटार कुठली? हे म्हणून गेले, राजाची. पुढे राजाला राणी आली आणि राणी अडली. "वाढत गेलं," ते म्हणाले.

तेवढ्यावर थांबले असते तर मी चहा टाकायला उठले असते. पण ते थांबले नाहीत. म्हणाले, "तुझ्या वेळी सांगायला हवं होतं."

तू तेव्हा शाळेत होतास, तुला फारसं आठवणार नाही. मला बघायला मंडळी यायची तेव्हा नाना त्यांना स्टेशनवरून ह्याच मोटारीतून आणायचे, टप पाडून, मुद्दाम गावातून फिरवून. पोहे खाऊन होईपर्यंत सगळं छान असायचं. मग वाटाघाटी सुरू झाल्या की समोरचे म्हणायचे, ज्यांच्या दारात राजाची मोटार ते एकुलत्या एका मुलीला हात राखून कसं देतील? आणि आकडा सांगायचे. नानांना तो झेपायचा नाही, आणि झेपत नाही हे त्यांच्या तोंडून निघायचं नाही. ते म्हणायचे, मुलगा आम्हाला पसंत नाही. पुण्याचे एक शिक्षक आले होते, माझ्याशी पाच मिनिटं वेगळं बोलले, मला काय वाचायला आवडतं ते विचारलं. त्यांच्या वडिलांनाही नानांनी तेच सांगितलं, हे मला आता कळलं. मी कित्येक वर्षं समजत होते की त्या शिक्षकांना मीच आवडले नाही.

आई सगळं जाणून होती. तिने एकदा, अगदी शेवटच्या दुखण्यात, मला म्हटलं होतं, "ती मोटार दारात नसती तर तू तुझ्या घरी असतीस गं." मला वाटलं तापात बोलतेय.

मी नानांचं तोंड पुसलं. ते माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत असणार. विठा दारात येऊन म्हणाली, "ताई, पेज थंड व्हत्येय," आणि मी पेज भरवली.

किमतीचं सांगायचं तर पाठाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं. डेमलर असती, राजाचे कागद असते, तर मुंबईचे हौशी लोक आहे त्या अवस्थेत घेऊन गेले असते. टॅक्सी म्हणून राबलेल्या डॉजसाठी आपल्याकडे कुणी येणार नाही. इंजिन चालतं तेवढीच तिची किंमत. मी लीलारामना निरोप धाडला. ते चार माणसं आणि एक लॉरी घेऊन आले. नानांनी हट्ट धरला म्हणून त्यांना खुर्चीत बसवून ओसरीवर आणलं. गाडी शेडबाहेर ढकलली तेव्हा नाना लीलारामना काही सांगू लागले. त्यांना कळेना, म्हणून नानांचं बोलणं मी सांगितलं: गिअर उलटे आहेत, डॉज आहे, टॅक्सी होती. नाना मान डोलावत होते. लीलाराम हसले. "टॅक्सी का इंजन? फिर तो पक्का है, डाक्टरसाब!" नाना पण हसले, एका बाजूने. मी आत जाऊन दाराच्या कडीला धरून उभी राहिले. मला रडू आलं ते मोटारीसाठी नव्हतं. एका अनोळखी माणसाला खरं सांगायला त्यांना किती सोपं गेलं, त्याचं ते होतं.

पैसे पोस्टात नानांच्या नावावर ठेवले आहेत. पण त्याचा हिशोब द्यायला मी हे पत्र लिहीत नाही. अमरावतीच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा होती. मी अर्ज केला होता. त्यांचं बोलावणं आलं आणि मी होकार कळवला. जूनच्या आरंभी मला तिथे रुजू व्हायचं आहे. नानांना सांगितलं. ते म्हणाले, "जा. आता जा." विठा थांबायला तयार आहे, पण ती एकटी त्यांना उचलू शकणार नाही, आणि त्यांचं बोलणं तिला कळत नाही. ते तुला शिकावं लागेल. कठीण आहे, पण येतं. त्यांना कानपूरला न्यायचं की तू इथे येऊन राहायचं, हे तू आणि मीनल ठरवा. माझा सल्ला विचारू नकोस, मी थकले आहे. दरवेळी तू दोन दिवसांची रजा टाकून येतोस आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तुझं सामान दारात असतं. या वेळी दारात माझं असेल. मे संपायच्या आत ये, बाळ, आणि परतीचं तिकीट काढू नकोस.

तुझ्यावर अजूनही तेवढीच माया असलेली, तुझीच,
कुमुदताई