वरची चोवीस मिनिटं

सरावली,
२ जुलै २०२५

ती. दादास,
हेमांगीचा सा. नमस्कार.

तू फोन ठेवलास तेव्हा मी फक्त नववीचा वर्ग एवढंच म्हणाले होते. शाळेचं नाव निघालं की तुला रेंज मिळत नाही, हे चंद्रकांतावहिनीने मला मागेच सांगून ठेवलंय. पत्र मध्येच कापता येत नाही, म्हणून पत्र.

यंदा नववी माझ्याकडे आहे. अर्धी मुलं नवीन. पाड्यांवरच्या शाळा आठवीला संपतात, मग ती इकडे येतात. अभ्यासाचा पुढच्या कामाशी संबंध दाखवा, असं परिपत्रक आलं. सोबत रंगीत तक्ता. त्यात डॉक्टर, वैमानिक आणि पिवळी टोपी घातलेला इंजिनीयर. मी तक्ता कपाटामागे ठेवला आणि ठरवलं, दर शुक्रवारी शेवटच्या तासाला काम करणारं एक माणूस वर्गात आणायचं. त्याने एकच सांगायचं: शाळेत शिकलेलं काय रोज हाताशी येतं.

पहिल्यांदा मेहुल आला. आमचाच जुना विद्यार्थी, आता कारखान्याच्या प्रयोगशाळेत. बाहेर सोडायच्या पाण्यातलं आम्ल मोजतो. दोन थेंब टाकून त्याने पाण्याचा रंग बदलून दाखवला, मुलं खूश. मग सोमी उठली. ती शेवटच्या बाकावर बसते, आपणहून कधी बोलत नाही. तिने विचारलं, वीटभट्टीवर यातलं काय लागतं. मेहुल माझ्याकडे पाहू लागला. मी घड्याळाकडे.

तिचे आईवडील पावसात उतारावर भात करतात आणि दिवाळीनंतर भट्टीवर जातात. आजवर तीही जायची, पाड्यावरचे गुरुजी सांभाळून घ्यायचे. नववीत तसं चालणार नाही. यंदा गेली तर शाळा संपली. तिची पारूमावशी इथे जवळच कुंभवलीला खोली घेऊन राहते, ती ठेवून घ्यायला तयार आहे. वडील जिवल्याभाऊ नको म्हणतात. शिकून पोरगी काय करणार, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नाही. खरं आहे. मीही सांगितलेलं नाही.

तेव्हा तू ये. ऑगस्टपर्यंत बोटी किनाऱ्यावर आहेत, समुद्राचं कारण चालणार नाही.

लोभ आहे तसा राहू दे. सुकटीचा डबा रिकामा झालाय, हे वहिनीच्या कानावर घाल.

तुझी
हेमा


मुरबे,
७ जुलै २०२५

चि. हेमांगीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं बरं हाय.

जाळी दुरुस्तीला काढली हायत, आमचा केतन मदत करतो असं म्हणतो आणि मोबाईल बघतो. त्यात तुझं पत्र. चंद्रकांताने ते मोठ्याने वाचलं आणि आख्ख्या आळीला सांगितलं, की हा माणूस वादळात बोट घालतो आणि फळ्याला घाबरतो. तिला हसायला कारण लागत नाय.

आमी शाळेत काय सांगणार. मला हाताशी येते ती एकच गोष्ट, पाऊणकी. तीपण मी बाबांकडून शिकलो, मास्तरांकडून नाय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, भरती तीनला. दशमीला दहा पाऊण साडेसात. बोट खाडीत घ्यायची तर एवढं पुरतं. नायतर चिखलात बसा आणि लोकांचं ऐका.

आता लिहायला बसलोच हाय तर एक सांगतो. बाबा आजारी पडले म्हणून मी शाळा सोडली, असं तुला सांगितलं होतं. तू तेव्हा तिसरीत होतीस. बाबा ठणठणीत होते. नववीच्या परीक्षेत एक गणित आलं, रोज पाऊण तास उशीर, तर दहाव्या दिवशी किती. मी साडेसात लिहिलं. मास्तरांनी शून्य दिलं. म्हणाले, रीत कुठाय. रीत मला म्हाईत नव्हती, उत्तर म्हाईत होतं. दुसऱ्या दिवशी मी बोटीवर गेलो. बाबांनी विचारलं नाय, मी सांगितलं नाय.

येतो मी. पण फळ्यावर लिहायला लावायचं नाय.

माया कमी करू नको. सुकट पाठवतो, डबा परत कर.

कमलाकांत


सरावली,
१९ जुलै २०२५

ती. दादास,
हेमांगीचा सा. न. आणि थोडी काळजी.

काल तू चहा न घेता एसटीला गेलास. मुलं अजून तुझ्याबद्दलच बोलतायत. फळ्यावर लिहिणार नाही म्हणालास आणि दहा मिनिटांत तीन खडू संपवलेस. बोट, खाडी, चिखलाची रेघ. वर्गातल्या विपुलने घरी जाईपर्यंत पाऊणकी पाठ केली. आज सकाळी त्याची आई दारात येऊन विचारत होती, की हा मुलगा तिथी कशाला विचारतोय, उपास धरलाय का.

मला माहीत आहे कुठे बिनसलं. सोमीने विचारलं, की पुनवेला पंधरा पाऊण सव्वाअकरा होतात आणि मामा, तुम्ही तर म्हणालात पुनवेची भरती बाराला, मग पाऊण तास गेला कुठे. तू म्हणालास, वर थोडं धरायचं. ती म्हणाली, किती. तू म्हणालास, अंदाजाने. ती म्हणाली, कशाच्या. मग तू पाणी प्यायलास.

तिने मुद्दाम केलं नाही, दादा. तिला हिशेब अपुरा राहिलेला चालत नाही, एवढंच. तुला राग आला असं तिला वाटतंय. आज मधल्या सुट्टीत ती जेवली नाही, हे लिहीत बसली होती. मी एक अक्षर बदललेलं नाही. सोबत जोडते.

राग असला तर माझ्यावर ठेव, तिच्यावर नको.

तुझी
हेमा

(सोबतचं पत्र)

ती. मामांस,
सोमीचा नमस्कार. वर किती धरायचं ते मला मिळालं. एका पुनवेपासून पुढच्या पुनवेपर्यंत तिथी तीस. तेवढ्यात भरती सरकत सरकत पूर्ण एक दिवस मागे पडते. एक दिवस म्हणजे चोवीस तास, म्हणजे एक हजार चारशे चाळीस मिनिटं. भागिले तीस. अठ्ठेचाळीस. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. दर तिथीला तीन मिनिटं कमी पडतात. अष्टमीला चोवीस मिनिटं वर धरायची, पुनवेला पंचेचाळीस. तुमचं उत्तर बरोबर आहे. ही त्याची रीत.
भट्टीवर काय लागतं ते मला अजून कोणी सांगितलं नाही.
आपली
सोमी


मुरबे,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. हेमांगीस,
आशीर्वाद. दिवाळी बरी गेली असेल.

उत्तराला तीन महिने लागले. राग नव्हता. तपासत होतो. ऑगस्टात बोटी गेल्या तेव्हापासून खाडीच्या तोंडाशी एका खांबाला खुणा केल्या आणि घड्याळ लावून बघितलं. वारा असला की मागेपुढे होतं, नायतर पोरीचं बरोबर येतं. केतन म्हणतो, मोबाईलात भरतीची वेळ दिसते, एवढा खटाटोप कशाला. मी म्हटलं ती कशी काढतात ते सांग. तो जेवायला उठला.

बाबा वर थोडं धर म्हणायचे. त्यांना किती ते म्हाईत नव्हतं, फक्त धरायचं म्हाईत होतं. आता आमच्या बोटीवर अठ्ठेचाळीसने चालतं. नाव सोमीची रीत.

जिवल्याभाऊंना एक चिठ्ठी लिहिली हाय. तूच वाचून दाखवू नको, तुझा मास्तरणीचा आवाज होतो. सोमीलाच वाचू दे.

दोघांवर लोभ ठेव, माझ्यावर आणि फळ्यावर.

कमलाकांत

(सोबतची चिठ्ठी)

रा. जिवल्याभाऊ यांस,
मुरब्याच्या कमलाकांतचा राम राम. आपली ओळख नाय. मी पस्तीस वर्षं बोटीवर हाय. तुमच्या मुलीने माझ्या हिशेबात तीन मिनिटांची चूक काढली. ती माझ्या बापालाही सापडली नव्हती. पोरगी पुढे कोण होईल ते मी लिहीत नाय, मला म्हाईत नाय. पण जिथं मोजायचं काम हाय तिथं असं माणूस लागतं. बंदरावर लागतं, कारखान्यात लागतं. तुमच्या भट्टीतपण आच किती वेळ ठेवायची ते कोणीतरी धरतंच, अंदाजाने. मी नववीत शाळा सोडली तेव्हा बापाने का म्हणून विचारलं नाय. माझं मन राखलं. ते बरं केलं का, हे मला अजून ठरवता आलं नाय. तुमी तिला विचारा. एवढंच.


सरावली,
११ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
हेमांगीचा सा. न.

आज दुपारी पारूच्या खोलीवर गेले होते. जिवल्याभाऊ सामान बांधून आलेत, उद्या सकाळी टेम्पो. तुझी चिठ्ठी दोन आठवडे माझ्या पर्समध्ये होती, ते येण्याची वाट पाहत.

सोमीने उभं राहून, ओळीवर बोट ठेवत वाचली. वाचून झाल्यावर ते म्हणाले, तुझं बोट एका ओळीवरून उडालं. त्यांना वाचता येत नाही, दादा, पण बोट पाहत होते. त्यांनी कागद पारूकडे दिला. पारूने राहिलेली ओळ वाचली: पण जिथं मोजायचं काम हाय तिथं असं माणूस लागतं. सोमी भिंतीकडे पाहत होती.

मग त्यांनी तिला विचारलं, तुला काय पायजे. ती म्हणाली, मला रायचंय. सोमीची आई तिचे कपडे पुन्हा एकदा घडी करत बसली. ते मला म्हणाले, आच खरंच अंदाजानेच धरतात, त्यात कधीकधी विटांचा अर्धा घाणा कच्चा राहतो, भट्टीवाला शिव्या देतो. बाकी सकाळी बघू म्हणाले.

मी निघाले. घरी येऊन हे लिहिलं. तुझ्या पत्राला यश आलं की नाही, मला माहीत नाही.

असाच जवळ राहा.

तुझी
हेमा


कुंभवली,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
सोमीचा नमस्कार.

आज सकाळी सहाला टेम्पो आला. आई, बाबा आणि लहान भाऊ विनोद गेले. आईने माझे कपडे पारूमावशीच्या फळीवर ठेवले होते. बाबा चढताना म्हणाले, भट्टी पेटली की किती तासांनी काय होतं ते फोनवर सांगत जाईन, तू लिहून ठेव आणि रीत काढ. मला भट्टीचं अजून काही माहीत नाही. वही केली आहे.

आज अष्टमी. पाऊणकीने सहा, वर चोवीस. पाहून कळवा.

साडेसातला हजेरी झाली. मी होते.

आपली
सोमी