फाईलीवरचा राणी रंग

पेण
मंगळवार, १५ जुलै २०२५

ती. समीक्षाताईस,
नितेशचा सा. न. वि. वि. शाळेतलं एवढंच आठवतं, पुढचं माझं.

ताई, आधी कबूल करतो, मग शिव्या घाल. काल राऊंडला डॉक्टरांचे हात मी रंगवले. फोनवर सांगितलं नाय, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि बाजूला सासूबाई लसूण सोलत बसलेल्या. भाऊजी डोलवीच्या कंपनीतल्या शिफ्टवरून परत जाताना आईचा रिकामा डबा नेतात, त्यातून हे पाठवतोय. पाकीट डिंकाने चिकटवलंय. फाटलेलं दिसलं तर भाऊजींना धर.

झालं असं. आई लावणीत बांधावरून घसरली, पायात रॉड बसला, तेव्हापासून मी इथे मुक्कामाला. शनिवारी बाजूची खाट रिकामी होती, म्हणून जरा आडवा झालो. डॉक्टर आले नि अख्ख्या वॉर्डासमोर बोलले की ही काय तुझी सासुरवाडी हाय काय. भिकूकाका, ते जिते गावचे गुडघ्याचे पेशंट, एवढे हसले की त्यांची सलाईन हलली. मग मी बसलो विचार करत.

आपला जितेश इथे गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला हाय. त्याच्याकडून चिमूटभर राणी रंग आणला, मूर्तीच्या शेल्याला मारतात तो. सुका असला की दिसत नाय, हाताला घाम आला की चढतो. काल सकाळी आईच्या फाईलीला बोटाने चोळला. डॉक्टर कपाळाला हात लावतील, गुलाबी टिळा घेऊन फिरतील, एवढाच माझा प्लॅन.

पण ताई, झालं भलतंच. डॉक्टरांनी फाईल घेतली, आईचा पाय दाबून बघितला, तिथून भिकूकाकांचा गुडघा, तिथून पलीकडच्या आजोबांचं पोट. प्रत्येक खाटेला जेलची बाटली टांगलेली हाय, वर भिंतीवर हात कसे धुवायचे त्याची चित्रं हायत. त्या चित्रांखालून डॉक्टर तसेच गेले. मागे बघतो तर सगळीकडे राणी रंग. गुडघ्याच्या पट्टीवर, आजोबांच्या बनियनवर, छाती तपासायच्या नळीवर, डॉक्टरांच्या कानावर. आधी सगळे हसले. किमया सिस्टर नाय हसली. तिने डॉक्टरांना हळूच एकेक डाग दाखवला, पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत. डॉक्टरांचं तोंड पडलं. सरळ बेसिनवर गेले.

कोणी केलं ते कोणाला कळलेलं नाय. पण आता वाईट. आईला दोन दिवस कणकण होती ती तुला माहीत हाय. काल संध्याकाळी ड्रेसिंग खोललं तर टाक्यांमधून पू. डॉक्टरांनी तपासायला पाठवलाय, इंजेक्शन बदललं. पू नाय थांबला तर परत ऑपरेशन करून आतून साफ करावं लागेल म्हणतात. वॉर्डात सगळे बोलतात की डॉक्टरच्या हातानेच झालं.

आई बरी हाय, भाकरी खाल्ली. बाळाला माझा पापा. तू यायची घाई करू नको, एवढंसं पोर घेऊन इथे नको. लोभ हाय तेवढा राहू दे, वाढवलास तर हरकत नाय.

तुझा,
नितेश


रोहा
बुधवार, १६ जुलै

चि. नितेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. एक फटका उधार.

नित्या, मेल्या, तुला अक्कल कधी यायची? दवाखाना हाय तो, शिमगा नाय. रंग आजोबांच्या तोंडात गेला असता तर? पाकीट फाटलेलं नव्हतं. हे मात्र दोनदा विचारत होते आत काय हाय म्हणून. मी सांगितलं, आईच्या गोळ्यांची नावं.

पण खरं सांगू? वाचून माझं डोकंच फिरलं. एवढा शिकलेला डॉक्टर नि त्याला हात धुवायला होत नाय? आमच्या सासूबाई घरात आल्यावर हात धुतल्याबिगर बाळाला कोणाला घेऊ देत नायत, ह्यांनासुद्धा बाहेर नळावर पाठवतात. मी म्हणायची म्हातारीचं जास्तच हाय. आता नाय म्हणणार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईचे टाके बघितले तेव्हाच मला ते लाल वाटलेले. तेव्हाच बोलायला पायजे होतं.

मला राहवलं नाय. आबांना फोन करून सांगितलं की डॉक्टरच्या घाण हाताने आईचा पाय चिघळला. रंग कोणी लावला ते नाय सांगितलं, घाबरू नको. आबा भडकलेत, बापाचा राग तुला माहीत हाय. येत्या रविवारी गागोद्यावरून गावची माणसं घेऊन येतायत. आईला तिथून उचलणार नि दुसरीकडे नेणार, नाय तर सरळ घरी. तू त्यांच्या बाजूने उभा राहा, शेपूट घालू नको.

आईला सांग, बाळ मान धरायला लागलाय. तिच्यासाठी पेज पाठवलीय, तू पिऊ नको. जीव लावून राहा, आईजवळून हलू नको.

तुझी,
ताई


पेण
सोमवार, २१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. ह्या वेळी पाकिटाला डिंक नि वरून सेलोटेपपण लावलीय.

आबा काल टेम्पो भरून आले. पुढे बायजाबाई काकी, कमरेला पदर खोचून. किमया सिस्टर वॉर्डाच्या दारात आडवी. म्हणाली, भांडायचं तर भांडा, पण दोघं दोघं आत यायचं, नि हात धुवून. बेसिन एकच, त्यामुळे लाईन. मला साबण देऊन उभा केला. बोटांच्या मधे, अंगठा, नखं, सगळं करून घ्यायचं. बायजाबाई काकी बोलली, मी काय शेण उचलून आले काय? मग स्वतःच गप झाली, कारण सकाळी तिने शेणच उचललेलं. हात धुता धुता निम्म्यांचा राग उतरला. आबांचा नाय.

डॉक्टर स्वतः समोर आले. हात जोडून बोलले की एका पेशंटवरून दुसऱ्याकडे हात साफ न करता गेलो, चूक माझी, पायाला पू झाला त्याचीपण जबाबदारी माझी. पण बाईंना आता हलवू नका, इंजेक्शन लागू पडतंय, मधेच सोडलं तर पाय हातचा जाईल. आबा म्हणाले, तुमच्यावर इस्वास नाय, टेम्पो लावा दाराला.

तेव्हा आई उठून बसली. बोलली, मी नाय जायची. कोणीतरी रंग लावून ह्या डॉक्टरला पकडला, आता तो हात चोळल्याबिगर खाटेजवळ येत नाय. दुसऱ्या दवाखान्यात कोण पकडणार हाय? नि माझ्याकडे बघून हसली. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं गो! आबांनी मला जवळ घेतला, चौघांत पाठ थोपटली, पोराने आईचा पाय वाचवला म्हणाले. टेम्पो रिकामा परत गेला.

आता खरं ऐक. मागच्या सोमवारी ड्रेसिंग खोललं तेव्हा मी तिथेच होतो. वरच्या पट्टीला रंग होता, तो डॉक्टरांचा. पण आतल्या कापसालापण होता, अगदी टाक्यांना लागून. डॉक्टरांनी राऊंडला पट्टी उचललीच नव्हती. उचलली होती मी. फाईलीला रंग चोळला, बोट पँटला पुसलं, नि लगेच बायजाबाई काकीचा व्हिडिओ कॉल आला. तिला टाके बघायचे होते. आदल्या दिवशी तुला दाखवलेले. त्याच्या आधी मामीला, नि भेटायला येईल त्याला. कधी वडापाव खाऊन, कधी टमटमची दांडी धरून आलेलो, त्याच हाताने. त्या रविवारी तूच बोललीस की अजून वर उचल, नीट दिसत नाय. तुझं नाव मी कोणाकडे घेतलेलं नाय.

आबा माझी पाठ थोपटत होते नि डॉक्टर बाजूला खाली मान घालून उभे, ते बघवलं नाय. सगळे गेल्यावर मी सिस्टरला नि डॉक्टरांना सांगितलं. वाटलं, आता हाकलतील. डॉक्टर खुर्चीत बसले. म्हणाले, कणकण रंगाच्या आधीपासूनची हाय, जंतू तुझ्या बोटाने गेले का माझ्या, आता कोणाला सांगता येणार नाय. दोघांनी धुवायला पायजे होते. रंग मात्र तुझा. आबांना ते स्वतः नाय सांगणार, पण मी सांगावं म्हणतात.

आज ताप नाय. पू कमी झालाय, परत ऑपरेशन नको म्हणाले. पट्टीला आता मी हात लावत नाय, काकीचा कॉल आला तर आईचं तोंड दाखवतो.

तेवढं एक कर ताई. आबा गावात सांगत फिरतायत, पोराने डॉक्टरला सुधारला. मी सांगणार हाय त्यांना, आईला घरी सोडलं की सांगणार, आईशप्पत. पण माझं मला सांगू दे. तोवर आबांना नको, भाऊजींना नको, सासूबाईंना तर अजिबात नको. वाचून झालं की चुलीत घाल. पाया पडतो गो, कोणाला बोलू नको.

तुझाच,
नितेश