सरपंचाची काचेची पेटी

प्रिय सरपंच,

तू जाऊन दोन महिने झाले. मेलेल्या इग्वानाला पत्र लिहायला मी काही खुळा नाही. पण आज सकाळी निर्मळचे एक गृहस्थ गोखिवऱ्याला माझ्या वर्कशॉपवर आले. "शेठ, लेकीसाठी इग्वाना आणतोय. तुमच्या सरपंचाला होती तश्शीच पेटी बनवा, चारी बाजूंनी काच."

मी मापं घेतली. तू कसा गेलास ते सांगितलं नाही. म्हणून लिहायला बसलोय.

घशाखालची पिशवी लोंबवून, कुणी काही विचारलं तरी ढिम्म बसायचास, म्हणून हिने तुझं नाव सरपंच ठेवलं. रोज शेवग्याचा पाला तीच आणायची. मी काय केलं? तुला पाळायच्या सरकारी नोंदणीचे कागद वेळेत भरले आणि पेटी बांधली. दुसऱ्याच्या हाताखाली काचा पुसत पुसत सरकत्या खिडक्यांचा धंदा उभा केलेला माणूस मी! बंद खिडकीशी, उन्हात तुला मांडला आणि येईल त्याला दाखवत सुटलो. काय दाखवत होतो रे, तुला की माझ्या काचेला?

तुला विकणारा बिचारा तीनदा बोलला होता, "काका, याला खास दिवा लागतो. साधा बल्ब नाही चालणार, काचेतलं ऊनही नाही."

माझे कान तिखट! खिडकी सरकली की कुठलं चाक झिजलंय ते मी पाठमोरा सांगतो. त्याच्या आवाजात मला फक्त विकणाऱ्याची घाई ऐकू आली. म्हटलं, "मला नको शिकवूस, मीपण धंदाच करतो." आणि साधा बल्ब लावला.

मग तुझे पाय थरथरायला लागले. ही म्हणाली, "अहो, हा फांदीवर चढत नाहीये. डॉक्टरला दाखवू या ना."

"सरपंच कुठे धावपळ करतात?" मी म्हटलं. वर हसलो!

तू ओरडला असतास तर... नाही, तुझ्यावर कशाला ढकलू? ही ओरडत होतीच की.

शेवटी तुला नेलं तेव्हा डॉक्टरबाईंनी तुझा जबडा हलकेच दाबला, तर तो रबरासारखा वाकला. "ऊब पोचत होती हो, पण हाडांना लागणारे किरण काचेने अडवले."

माझ्या काचेने. पाचव्या दिवशी तू गेलास.

आणि बिल्डिंगमध्ये मी काय सांगितलं, ठाऊक आहे? "दुकानातूनच आजारी आला होता." ही शेजारीच उभी होती.

उद्या निर्मळला जातोय. त्या लेकीसमोरच सगळं सांगेन. पेटीला वर जाळी, आत तो खास दिवा, आणि हे लागेपर्यंत जनावर आणायचं नाही. त्यांनी ऑर्डर रद्द केली तरी चालेल. तिथून थेट तुझ्या दुकानदाराकडे, माफी मागायला. शब्द देतो तुला.

हे पत्र हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "मीपण येते. तुम्ही बोलायला लागलात की गोष्ट फिरवता."

तुझा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
विलास