इंजेक्शन येईपर्यंत

१२ फेब्रुवारी
गंभीर तक्रार : घाटकोपरच्या एआरटी केंद्रातलं बाकडं एका पायाने लंगडं आहे. दिलीप उठला की मी घसरतो. धाकट्याने उठावं नि थोरल्याने लोळण घ्यावी, हा कुठला शिष्टाचार?
दिलीपच्या एचआयव्हीच्या गोळ्यांचं अकरावं वर्ष. नंबर येईपर्यंत त्याला पेपरातलं नवं सांगितलं. शरीराबाहेर तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, टोचायच्या. विषाणू वेश बदलत राहतो. पण जी जागा त्याला सहसा बदलता येत नाही, नेमकी तीच ही धरतात. वॉचमन चोराला चालीवरून ओळखतो, तसं. वर्षातून दोनदा टोचलं की झालं. शाळेत संस्कृत शिकवतानाही मी इतका रंगत नाही.
"म्हणजे रोजची गोळी खलास?"
"येतंच आहे रे ते."

११ मार्च
सिस्टरने डबी उपडी करून उरलेल्या गोळ्या मोजल्या. चोख. "तुमच्या भावासारखे सगळे असते तर!" मला उगाच अभिमान.

९ जून
दि.च्या रक्ताचा रिपोर्ट. वर्षानुवर्षं न सापडणारा विषाणू भरपूर सापडला. डॉ. मॅडम : "गोळ्या घेताय ना?" दि. : "मोजा ना." मोजल्या. चोख.

१० जून
साकीनाक्याला त्याच्या गाळ्यात गेलो. लेथ बंद केलं, मगच बोलला.
"फेब्रुवारीतच सोडल्या. तूच म्हणालास ना दादा, इंजेक्शन येतंय. म्हटलं, तोवर शरीराला जरा सुट्टी."
"आणि मोजणी?"
"जास्तीच्या गोळ्या मोजणीच्या आदल्या दिवशी मोरीत. सिस्टर पण खूश, तू पण खूश."
शिव्या सुचल्या त्याही तत्सम.

१२ जून
त्याच्यासमोरच मॅडमना सगळं सांगितलं. इंजेक्शन? अजून अभ्यास चाललेत, इथे उपचार म्हणून मिळत नाही. शिवाय एकच प्रतिपिंड दिलं तर विषाणू त्यालाही चुकवतो. गोळ्या आजपासून पुन्हा. लागू पडतायत का, ते तीन महिन्यांनी रक्त तपासल्यावर.
रिक्षात दि. : "मग कधी येणार? अंदाजे?"

२१ जुलै
रोज सकाळी आठला फोन. तो गोळी गिळतो, मी ऐकतो. आज मध्येच खोकला. बराच वेळ.
"घेतली रे. ठेव आता."
परवा भेटलो तेव्हा पाहिलं, शर्ट खांद्यावरून ओघळतो त्याचा.
मला भीती वाटते. या गोळ्या आता चालणार नाहीत, ते इंजेक्शन वेळेत येणार नाही, आणि माझा भाऊ माझ्या एका वाक्यावर विसंबून जिवानिशी जाईल.