उलट्या पानांतली तुमची आई

सेन्सेई,

तुम्हाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही लाल पेन्सिल घेऊन परत आला असतात आणि अर्ध्या ओळी कापून टाकल्या असत्यात. तुम्हाला जाऊनही आता तीस वर्षं व्हायला आली. एक गोष्ट आधीच सांगते, मी माफी मागायला बसलेली नाही. तुमच्या पुस्तकाची पानं मी उलटी छापू दिली, तुम्हाला न विचारता. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

ऐंशीच्या दशकातलं, अमेरिकेतलं क्युपर्टिनो. मी सव्वीस वर्षांची, पुण्याहून कमर्शियल आर्ट शिकून आलेली. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत, आणि मी एका छोट्या प्रकाशनाच्या मागच्या खोलीत, चित्रकथांच्या पानांवर अक्षरं चिकटवायच्या नोकरीत. शनिवारी सकाळी लायब्ररीत तुमचा वर्ग भरायचा, चित्रकथा कशी लिहावी याचा. आम्ही पाच विद्यार्थी, तुम्हाला जपानी पद्धतीने सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचो. तुम्ही पन्नाशी ओलांडलेले, बायको गेल्यावर मुलीकडे राहायला आलेले. टोकियोत पंचवीस वर्षं दर आठवड्याला एक भाग, असं तुम्ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, लिहीत होता. चित्रं दुसरे काढायचे. कोण काय बोलणार, कुठे गप्प राहणार, पान कुठे उलटणार, हे सगळं तुमचं. बेसबॉल, सामुराई, भुतं, संपादक मागेल ते तुम्ही लिहिलंत. मग एका वर्षी वाचकांच्या पसंतीत तुमची गोष्ट तळाला गेली आणि साप्ताहिकाने दोन ओळींचं पत्र पाठवून तुम्हाला रजा दिली. हे तुम्ही हसत हसत सांगायचात. मला मात्र त्या संपादकाचा फार राग यायचा, आणि अजून येतो.

पहिल्याच शनिवारी तुम्ही माझं पान सगळ्यांसमोर उचललंत. मी एक रडणारी बाई काढली होती आणि तिच्या तोंडापाशी संवादाच्या फुग्यात लिहिलं होतं, ‘मला फार दुःख होतंय.’ तुमच्या त्या तुटक्या इंग्रजीत तुम्ही म्हणालात, “वाचकाला डोळे नाहीत का? ही बाई रडते आहे. तिला भांडी घासायची आहेत का, ते लिही.” मी लाल झाले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, परत जाणार नाही. तो म्हणाला, “अगं, मग क्लास ड्रॉप कर ना. इतकं काय टेन्शन घेतेस यार!” पण पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. मला कुणी वाईट म्हटलं की मी तिथेच ठाण मांडून बसते. आईच्या भाषेत, जित्याची खोड.

वर्षभराने तुम्ही मला घरी बोलावलंत. मुलीच्या त्या चकचकीत स्वयंपाकघरात तुम्ही उभे आहात, पातेल्यात नूडल्स उकळताहेत, आणि टेबलावर एक पिवळं पडलेलं पुस्तक. पंचवीस वर्षांत फक्त हे एकच तुम्ही कुणी न मागता लिहिलं होतंत. युद्धानंतर नूडल्सची गाडी लावून तुम्हाला वाढवणाऱ्या आईची गोष्ट. ती गावी आजारी पडली तेव्हा तुमच्या बेसबॉलच्या कथेचा भाग द्यायचा होता. तो पुरा करून तुम्ही निघालात आणि पोचलात तेव्हा सगळं उरकलेलं होतं. शेवटच्या पानावर शेजारच्या बायका तिला न्हाऊ घालून कपडे नेसवतात, ते तुम्ही पाहिलेलंच नव्हतं. विचारून विचारून लिहिलं होतंत. हे सांगताना तुमची पाठ माझ्याकडे होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेव्हाच ठरवलं की हे पुस्तक अमेरिकेत निघालंच पाहिजे. तुमच्याशेजारी बसून, तुम्ही अर्थ सांगाल तसं, मी त्याचं इंग्रजी केलं, सहा महिने. तुमची अट एकच होती. जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात, तसंच ते इथेही निघायला हवं.

तिथेच घोडं पेंड खात होतं. आमचे मालक म्हणाले, शेवटच्या पानापासून सुरू होणारं पुस्तक इथे कोणी हातात धरणार नाही. छपाईची फिल्म उलटी घालायची की झालं, आरशात दिसावं तसं सगळं पान फिरतं. नाहीतर पुस्तक विसरा. दोन दिवसांत उत्तर हवं होतं. मी त्या दिवशीच हो म्हटलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. तुमची तत्त्वं राहिली असती आणि तुमची आई मुलीच्या गराजमधल्या खोक्यात राहिली असती. मला ते चालणार नव्हतं.

छपाईला महिना असताना मी कच्ची पानं घेऊन आले. तुम्ही ती हळूहळू पाहिलीत. मला वाटलं, ओरडाल. तुम्ही अगदी हलक्या आवाजात म्हणालात, “तू माझ्या आईला मेलेल्या बाईचे कपडे नेसवलेस. पहिल्या पानापासून.” आणि आत निघून गेलात. मला काही कळेना. मग तुमच्या मुलीने सांगितलं. किमोनो हा पुढून दुमडून नेसायचा अंगरखा, त्यात डावी बाजू उजवीच्या वर येते. उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाची ठेवतात. पान आरशातलं झालं, तशी तुमच्या आईच्या गळ्यापाशी उजवी बाजू वर आली. सूप ढवळताना, तुम्हाला शाळेत सोडताना, हसताना, सगळीकडे.

तरी मी फणकारलेच. इथे कुणाला कळणार आहे, असं घरी येऊन आईला म्हटलं. ती तेव्हा पुण्याहून चार महिन्यांसाठी आली होती. तिने चष्मा लावून पानं पाहिली. आधी म्हणाली, “हे सगळे डाव्या हाताने जेवतात होय गं?” मग मी किमोनोचं सांगितलं, तशी ती चष्मा काढून म्हणाली, “तुझे बाबा आजोबांच्या श्राद्धाला जानवं उजव्या खांद्यावर घेतात, ते अपसव्य. एरवी घेतील का? चालत्याबोलत्या बाईचं अपसव्य केलंस तू, आणि वर विचारतेस, कुणाला कळणार?”

सेन्सेई, तुमच्या रागापुढे मी वाकले नव्हते, आईच्या या एका वाक्यापुढे वाकले. पण तेही माझ्या पद्धतीने. पुस्तक मागे घेतलं नाही. पानं घरी आणली आणि नवरा कामावर गेला की सकाळी जेवणाच्या टेबलावर पसरायची. तुमच्या गोष्टीतले बापे शर्ट-पँटीत होते, बायकाही बहुतेक झग्यांत, किमोनो एकट्या तुमच्या आईच्या अंगावर. शंभराहून जास्त चौकटी. प्रत्येकीत तिची गळपट्टी पांढऱ्या रंगाने पुसायची, वाळू द्यायची, बारीक ब्रशने डावी बाजू वर काढायची. आई शेजारी बसून मेथी निवडायची आणि मधेच बोट ठेवायची, “ही राहिली बघ.” तीन आठवड्यांत मी तुमच्या आईला पुन्हा जिवंत माणसासारखं नेसवलं. तुम्ही या काळात माझा फोन घेत नव्हता.

पुस्तक निघालं. फार खपलं नाही, पण खपलं. एका दुकानात एक म्हातारी अमेरिकन बाई उभ्या उभ्या ते वाचून डोळे पुसत होती, ते मी स्वतः पाहिलं. तुम्ही हवं ते म्हणा, सुलट पुस्तकाने तिला रडवलं नसतं, कारण ते तिच्यापर्यंत आलंच नसतं.

एका रविवारी तुम्ही बसने आमच्या घरी आलात. हातात पुस्तक. माझ्या आईला वाकून नमस्कार केलात, तीही गडबडून वाकली. मग तुम्ही शेवटचं पान उघडलंत. मेलेली आई, भोवती बायका. मूळ पुस्तकात इथे, आणि फक्त इथेच, तिची उजवी बाजू वर होती. आमच्या पुस्तकात डावी वर. तुम्ही त्या जागेवर बोट ठेवलंत. “सगळं नीट केलंस, आणि इथे तू तिला मरू दिलं नाहीस,” असं म्हणालात. “मी पोचलो नाही. तू पोचलीस.” ज्या पेनाने पंचवीस वर्षं लिहिलंत, ते खिशातून काढून माझ्या पुढ्यात ठेवलंत. मी मान खाली घातली. तुम्हाला ती नम्रता वाटली.

उलटं छापल्याबद्दल मला अजूनही कणभर वाईट वाटत नाही. आजकाल जपानी पुस्तकं इथेही उजवीकडून छापतात आणि पोरं आवडीने वाचतात, माझी नातसुद्धा, ती म्हणते, “आजी, युअर बुक इज बॅकवर्ड्स.” म्हणू दे. तेव्हा तसं छापलं म्हणून आज हे चालतं, असं मी तिला ठणकावून सांगते.

पण ते शेवटचं पान. मी तीन आठवडे फक्त उजवी बाजू वर आलेल्या चौकटी शोधत होते. त्या पानावर डावी वर दिसली, म्हटलं हे बरोबर आहे, आणि पान बाजूला ठेवलं. ती मेलेली आहे, तिची पट्टी उलट हवी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आईच्याही नाही. ती चूक होती, सेन्सेई. तुम्ही गेलात त्या दिवसापर्यंत मी ती तुमच्याकडे कबूल केली नाही. तुमचं पेन ड्रॉवरमध्ये आहे, एकदाही वापरलेलं नाही. हे सगळं बॉलपेनने लिहिलं आहे.